सहा मिलिमीटर

(दृश्य : पंचवटीतील एक दंतचिकित्सालय, सकाळची वेळ.)

द्राक्षांच्या छाटणीतून कसाबसा वेळ काढून दिंडोरीकडून आलेले हे दोघे सख्खे भाऊ आहेत. थोरल्याच्या हिरडीत डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई अलगद सरकवतात आणि सहायिका आकडे लिहून घेते : तीन, दोन, तीन. धाकट्याच्या वेळी आकडे बदलतात : पाच, सहा, सहा, सळई बाहेर येते तेव्हा हिरडीच्या कडेला रक्ताचा थेंब उमटतो. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातील फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. विशेष म्हणजे दात घासण्याचा कंटाळा आहे तो थोरल्याला.

“आमच्या आईचेही दात लवकरच पडले,” धाकटा सांगतो.

दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजेच प्लाक, हिरड्या सुजवून दातांभोवतीचे हाड झिजवणाऱ्या या आजाराला तोंड फोडतो, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये झालेल्या प्रयोगातून दिसले. दात घासणे बंद करताच निरोगी तरुणांच्या हिरड्या तीन आठवड्यांच्या आत सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. मात्र सूज सर्वांना आली, तरी हाड सर्वांचे झिजत नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांतील, दातांची निगा अजिबात न राखणाऱ्या ४८० मजुरांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा बेताने, तर ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही.

(दृश्य : क्ष-किरण चित्र, दातांच्या मुळांभोवती खाली गेलेली हाडाची रेषा.)

हे हाड जिवाणू खात नाहीत. जिवाणूंना रोखण्यासाठी धावून आलेल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१ सारखे संदेशवाहक पदार्थ सोडतात, त्यांच्या इशाऱ्यावर शरीराच्याच हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हा दाह वेळेवर शमला नाही, तर तो वर्षानुवर्षे, बहुधा न दुखता, दाताचा आधार पोखरत राहतो. दाह किती भडकावा आणि केव्हा शमावा, यात जनुकांचा वाटा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढ जुळ्यांच्या ११७ जोड्यांच्या अभ्यासात माणसामाणसांतील या आजाराच्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिक आढळला. हे प्रमाण समूहाचे आहे. एखाद्याचा निम्मा आजार आईकडून आला, असा त्याचा अर्थ नव्हे. कॅथेप्सिन-सी या एकाच जनुकातील दोषामुळे लहानपणीच दात गमावण्याचा एक दुर्मीळ आजार आहे खरा, परंतु एरवी अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात.

शिवाय धाकट्याला मधुमेह आहे, आणि रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्यांचा दाह अधिक चिघळतो. आईचे दात पडले, त्यातही तिच्या रोजच्या मिश्रीचा हात असणार, हे तो स्वतःच कबूल करतो.

दात साफ केले की ढिले होतात, ही त्याची भीती डॉक्टरांना नवी नाही. किटणाच्या आधाराने उभे असल्यासारखे वाटणारे दात आधीच सुटलेले असतात.

(दृश्य : तीन महिन्यांनंतर, तीच खुर्ची.)

चार, तीन, चार. सहायिका आकडे लिहिते. पुढच्या खेपेला थोरल्या मुलीलाही घेऊन या, असे डॉक्टर धाकट्याला सांगतात.