पांढऱ्या कल्ल्यांचा मासा

(दृश्य : पहाटेचा ससून डॉक. बर्फावर मांडलेली सुरमई, पापलेट.)

मुंबईत मासळी घेताना नजर आधी कल्ल्यावर जाते. "बघा ताई, लालभडक आहे," म्हणत कोळीण स्वतःच कल्ला उचलून दाखवते. फिका दिसला, की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे वळतं. आपल्या समुद्रासाठी ही पारख अगदी खरी. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात मात्र काही माशांचे कल्ले जिवंतपणीच पांढरे असतात.

त्यांना आइसफिश म्हणतात. व्हेलच्या शिकारीला जाणारे नॉर्वेचे खलाशी या 'बिनरक्ताच्या' माशांबद्दल सांगायचे. पुढे नॉर्वेचे जीवशास्त्रज्ञ योहान रूड यांनी त्यांचं रक्त तपासलं आणि 1954 साली जगापुढे मांडलं, की त्यात प्राणवायू वाहून नेणारं लाल हिमोग्लोबिन नाही. प्रौढ वयात हिमोग्लोबिनशिवाय जगणारे कणाधारी प्राणी एवढेच. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. मोठं हृदय आणि भरपूर रक्त यांच्या जोरावर ते तेवढ्यावर भागवतात.

(दृश्य : पृथ्वीगोल, दक्षिण ध्रुवावरून.)

पाणी इतकं थंड राहतं, त्यात एका प्रवाहाचा मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून दूर सरकल्या, मध्ये खोल समुद्र तयार झाला आणि पाण्याला खंडाभोवती फिरायला वाट मिळाली. हवेतला कार्बन डायऑक्साइडही घटत होता. सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठी हिमचादर पसरली. आज हा प्रवाह दर सेकंदाला 13 कोटी घनमीटरहून अधिक पाणी वाहून नेतो. जगातल्या साऱ्या नद्या एकत्र केल्या, तरी त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या भरतात.

उत्तरेचं कोमट पाणी या प्रवाहापाशी अडतं. आतलं पाणी उणे 1.9 अंशापर्यंत उतरतं. एवढ्या थंडीत साध्या माशाचं रक्त गोठेल. तिथले बरेच जुने मासे नाहीसे झाले; नोटोथेनिऑइड हा एक गट तगला आणि रिकाम्या समुद्रात फांद्या फुटाव्यात तसा पसरला. आइसफिश त्यातलीच एक फांदी.

हा गट तगला कसा, हा मला या कथेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. त्यांच्या रक्तातली प्रथिनं बर्फाच्या कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. शास्त्रज्ञ आर्थर डेव्हरीज यांनी 1960च्या दशकात ती शोधली. या प्रथिनाचं जनुक पचनाच्या एका जनुकापासून घडलं, हे 1997 मध्ये कळलं. आणि दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकमधल्या कॉड माशातही जवळजवळ तसंच प्रथिन सापडतं, पण त्याचं जनुक वेगळ्याच मुळातून आलेलं आहे. थंडीने दोन्ही ध्रुवांवर एकच उपाय दोनदा घडवला.

हा प्रवाह म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. खूप उत्तरेकडच्या बेटांवरून सुटलेलं समुद्री शेवाळ तो ओलांडून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागल्याचं 2018 मध्ये दिसलं. किनारे उबदार झाले, तर असे पाहुणे तिथे रुजूही शकतील.

(दृश्य : बर्फाखाली स्थिर बसलेला मासा.)

तिथल्या माशांना मात्र उब झेपत नाही. याच नोटोथेनिऑइड गटातले ट्रेमाटोमस नावाचे मासे साधारण 6 अंशांच्या पाण्यातच मरतात. काहींच्या पेशी उष्णतेपासून बचाव करणारी प्रथिनं वाढवण्याची क्षमताही गमावून बसल्या आहेत. आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून आणखी दक्षिणेला सरकायला त्यांच्यापुढे समुद्रच नाही.