कटिंग अर्धी करा: सिगरेट सोडल्यावरचे पहिले काही आठवडे

(पहाटेचं स्वयंपाकघर. पातेल्यात चहा वर येतोय. ओट्यावर काडेपेटी आहे, पाकीट नाही.)

सकाळचे साडेसहा. शेवटची सिगरेट काल रात्री अकराला विझली. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. त्या हिशेबाने रात्री जेवढं होतं, त्याचा तेरावा-चौदावा हिस्सा आता उरलाय. हे तर रोजच होत होतं. उठल्या उठल्या ओढलेली सिगरेट सगळ्यांत जास्त 'लागते' ती त्यामुळेच. आज ती मिळणार नाही.

दुपारपर्यंत शरीराला ते कळायला लागतं. आधी चुळबुळ, मग डोकं जड. घरातल्याने साधं काही विचारलं तरी खेकसणं. कामात लक्ष नाही, एकाच ओळीवरून डोळे तीनदा फिरतात. पटकन उभं राहिलं की क्षणभर गरगरतं. रात्री झोप लागते, पण दोनला उडते. यातलं बरंचसं पहिल्या चोवीस तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं आणि तिथून उतरायला लागतं. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा बहुतेक त्रास संपतो. व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं याला सरळ 'विड्रॉवल' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

याचं मूळ मेंदूत आहे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि ठरावीक रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या निकोटिन धरून घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं. वर्षानुवर्षं ओढत राहिलं की मेंदू या रिसेप्टरांची संख्याच वाढवून ठेवतो. पुरवठा थांबला की ही वाढीव खाती रिकामी पडतात आणि मागणी सुरू करतात. ती पुन्हा पूर्वीच्या संख्येवर यायला सहा ते बारा आठवडे लागतात.

तलफ मात्र इतकी लांबत नाही. ती येते, चढते आणि बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते; सिगरेट ओढली तरी, नाही ओढली तरी. घड्याळ लावून बघा. त्या वेळात भरभर चालून आलात, तर ती लवकर बसते. यासाठी जिम लागत नाही, इमारतीचे दोन जिने पुरतात.

(टपरी. काचेचे छोटे ग्लास, किटलीतून धार. शेजारी लटकणारा लायटर.)

आता या टपरीवर थोडं थांबू, कारण पहिल्या आठवड्यात घसरलेली बरीच माणसं इथेच घसरतात. सगळे म्हणतात, सवय वाईट, चहासोबत सिगरेट आठवतेच. खरं आहे. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही: सिगरेट सोडल्यावर तोच चहा जास्त चढतो.

चहा-कॉफीतलं कॅफिन यकृतात मोडलं जातं. ते मोडणारं एक एन्झाइम तंबाखूच्या धुरामुळे जास्त वेगाने चालतं. इथे काम निकोटिनचं नाही, धुरातल्या डांबरी घटकांचं. म्हणून ओढणाऱ्याला पाच-सहा कटिंग पचतात. धूर बंद झाला की काही दिवसांतच एन्झाइम मूळ गतीला येतं आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साठू लागतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, रात्री छताकडे बघत पडावं लागतं. माणूस म्हणतो, सिगरेट सोडली म्हणून हे झालं. मग एक पेटवतो.

उपाय सोपा आहे. ज्या दिवशी सिगरेट बंद, त्या दिवसापासून चहा निम्मा. सहा कप असतील तर तीन, आणि शेवटचा दुपारी तीनच्या आत. पूर्ण बंद करू नका. कॅफिन एकदम तोडलं तरी डोकं दुखतं, आणि मग दोन विड्रॉवल एकाच डोक्यात भांडतात.

हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं. दम्यासाठी डेरिफायलिन घेत असाल, तर त्यातल्या थिओफिलिनचं रक्तातलं प्रमाण सिगरेट सोडल्यावर वाढू शकतं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या गोळ्यांचंही तसंच. डोस किती कमी करायचा ते डॉक्टरच ठरवतील. सोडण्याची तारीख त्यांना आधी सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी, कारण ती अचानक खाली जाऊ शकते.

(जवळून: चंदेरी पट्टीतून गमची वडी बाहेर येते.)

औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगम मिळतं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. कोणतं घ्यायचं हे दिवसाच्या आकड्यापेक्षा सकाळवरून ठरवा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल, तर ४ चं लागतं. विडी ओढणाऱ्यांनाही हीच कसोटी. विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती हलकी, हा समज सोडा. तेंदूचं पान पटकन विझतं, ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात.

गम खाण्याची पद्धत बहुतेक जण चुकवतात, आणि मग म्हणतात, आपल्याला तर सूट झालं नाही. ते साध्या च्युइंगमसारखं चघळायचंच नाही. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरीसारखी झणझण जाणवली की थांबा. वडी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सारून ठेवा. मिनिटभराने झणझण कमी झाली की पुन्हा चार-पाचदा चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. एक वडी साधारण अर्धा तास चालते. भराभर चावून लाळ गिळली, तर निकोटिन पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग फारसा होत नाही. उचकी, जळजळ आणि मळमळ मात्र होते.

तंबाखूला चुना का लावतात, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. तो लावल्याशिवाय ती 'लागत' नाही. चुना आम्ल मारतो, आणि आम्ल नसलं की निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जातं. गम बनवणारेही तेच करतात, फक्त चुन्याऐवजी सोडा घालतात. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला काहीच नको. आंबटपणा आला की अर्धं औषध वाया.

दुसरी चूक कंजूषपणाची. दिवसाला तीन वड्या खाऊन काही होत नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. २४ च्या वर मात्र नाही. पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, त्यापुढचे तीन चार-आठ तासांनी. गरोदर असाल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा जबड्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

(दंडावर पॅच चिकटवणारा हात. तळवा दहा सेकंद दाबून धरलेला.)

पॅच म्हणजे कातडीतून निकोटिन आत सोडणारी चिकट पट्टी. तिचं काम संथ आणि दिवसभराचं. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी असतील, तर २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. दहा किंवा कमी असतील, तर सुरुवातच १४ पासून. आंघोळीनंतर दंड किंवा छातीवरची केस नसलेली जागा कोरडी करून लावा. खोबरेल नको, पावडर नको, त्यावर तो टिकत नाही. मे महिन्यात घामाने कडा सुटतात. वर कागदी चिकटपट्टी मारली तरी चालते. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. रात्री स्वप्नं फार स्पष्ट आणि विचित्र पडू लागली, तर झोपताना काढून ठेवा. काढलेल्या पॅचमध्ये निकोटिन उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅच आणि गम एकत्रही वापरतात: पॅच दिवसभराच्या चुळबुळीला, गम ऐन तलफेला. एकट्यापेक्षा जोडीने यश जास्त येतं. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत, पण त्या सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर किंवा त्याहून थोड्या लवकर सुरू कराव्या लागतात. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही.

आता पोट. यावर लोक लाजून बोलत नाहीत, पण सकाळी झुरका मारल्याशिवाय 'होत' नाही अशी माणसं घराघरात आहेत. निकोटिन आतड्यांना ढकलतं. ते थांबलं की आतडं आळसावतं आणि बद्धकोष्ठता होते. अनेक जण केवळ याच कारणाने चौथ्या-पाचव्या दिवशी संडासात विडी घेऊन जातात. रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. ठेवलं तर खळ होते, आणि पाणी कमी पडलं तर उलट अडतं. सकाळी कोमट पाणी पिऊन ठरल्या वेळेला जाऊन बसा, आलं नाही तरी. पेरू, पालेभाजी, भाकरी चालू ठेवा. दोनेक आठवड्यांत आतडं आपलं आपण चालायला लागतं.

भूक वाढते. निकोटिन भूक दाबत होतं आणि थोड्या जास्त कॅलरी जाळतही होतं. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं नेहमीचं आहे. पहिल्या महिन्यात डाएट करू नका, दोन लढाया एकदम नकोत. खिशात फुटाणे ठेवा. गाजर, काकडी, एखादी लवंग चालेल. बडीशेप घेताना पुडी वाचून घ्या, कारण बऱ्याच पुड्यांत सुपारी असते आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

या ठिकाणी महाराष्ट्राचा एक खास सापळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू, गुटखा, मिश्री असं काही तोंडात धरणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगरेट सोडणाऱ्याच्या आसपास मळलेली तंबाखू पुढे करणारा हात नेहमीच असतो. 'धूर नको ना, मग ही घे.' ती घेतली की विड्रॉवल लगेच थांबतं, कारण निकोटिन परत मिळालेलं असतं. याला सोडणं म्हणत नाहीत.

खोकला वाढला तर घाबरू नका. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. तोंडही येतं, आठवडा-दोन आठवडे. पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, ताप येत राहिला, वजन उतरलं, तर थुंकीची तपासणी करून घ्या. कफात रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. छातीत दुखत असेल, तर ते विड्रॉवलच्या खात्यावर टाकून घरी बसू नका. मन उदास होऊन दोन आठवडे वर येतच नसेल, तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, टेलिमानस, आहे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्याच क्षणी तिथे फोन लावा.

(पाकिटाची मागची बाजू, अगदी जवळून.)

सोडण्यासाठी मदतीचा नंबर तुमच्याच पाकिटावर आहे. १८००-११-२३५६, फोन मोफत. २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. या सेवेचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आहे.

आणि एखादी ओढलीच गेली तर? महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगरेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर एक कुणीतरी काढून देतंच. त्या एकीने केलेली मेहनत पाण्यात जात नाही. वेळ आणि जागा लिहून ठेवा: कोण होतं, कितवा चहा होता. पॅच काढू नका, गम बंद करू नका. दोन्ही आधीच्याच मात्रेत चालू ठेवा. पाकीट विकत घेतलं असेल, तर उरलेल्या कुणाला देऊ नका. नळाखाली धरा, भिजू द्या, मग कचऱ्यात टाका.