तारा त्याच, भोपळा बदलला

(मिरज, तंबोऱ्याचा कारखाना)

हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला. कडू असतो, खायचा नाही, वाद्यासाठीच पिकवतात. आधी पूर्ण वाळवायचा, मग भिजवून वरचा भाग कापायचा, आतला गर अन् बिया काढायच्या आणि परत वाळवायचा. हे हात बघा, किती हळू चाललेत. नुसत्या तारेचा आवाज केवढासा असतो, घुमारा येतो तो ह्या पोकळीमुळे.

गळ्याचंही तसंच आहे. तारा म्हणजे स्वरयंत्रातल्या व्होकल कॉर्ड आणि त्यांच्या वरचा घसा, तोंड, नाक हा सगळा भोपळा. मग घोरण्यासाठी घशाचं ऑपरेशन केलं तर गाणाऱ्याचा आवाज बदलतो का, ते आज बघू.

(रात्रीचा मोबाईल व्हिडिओ)

हे भजनीबुवा, नाव नको म्हणाले म्हणून घेत नाही. व्हिडिओ त्यांच्या मुलाने काढलाय. घोरणं चालू आहे... आता थांबलं. मोजा. १० सेकंद किंवा जास्त श्वास अडकला की ॲप्निया, आणि तासाला असे ३० किंवा जास्त झटके आले की सिव्हिअर. मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारी सीपॅप मशीन देऊन पाहिली, पण बुवांना त्यात झोपच लागेना.

मग यूपीपीपी, म्हणजे घशातली श्वासाची वाट मोठी करायचं ऑपरेशन. जपानमध्ये इकेमात्सु नावाच्या डॉक्टरांनी घोरण्यासाठी असं ऑपरेशन आधी केलं होतं, आणि १९८१ मध्ये डेट्रॉइटला फुजिता आणि सहकाऱ्यांनी ते ॲप्नियासाठी वापरलं. टॉन्सिल काढतात, पडजीभ आणि मऊ टाळूची कड कापून वाट मोठी करतात. व्होकल कॉर्डला कुणी हातही लावत नाही.

(दुर्बिणीतून दिसणारा घसा)

ही मऊ टाळू. बुवा 'पा पा' म्हणतायत, बघा कशी वर उचलली गेली आणि नाकाची वाट बंद झाली. आता 'मा', लगेच खाली आली. इथलंच जास्त कापलं गेलं तर 'प' म्हणतानाही हवा नाकातून निसटते, आवाज गेंगाणा होतो. उर्दू गझल गाणाऱ्यांना तर 'क़' साठी पडजिभेजवळचीच जागा लागते, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. हल्ली बरेच सर्जन कमी कापतात, टाके घेऊन स्नायू बाजूला ओढून धरतात, पडजीभ शक्यतो ठेवतात.

बुवांचं दुखणं, पाणी नाकात येणं हे सगळं पुढच्या आठवड्यांत कमी होत गेलं.

पण एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाची केली, आणि खरं तर ती प्रत्येक ईएनटीने पेशंटकडून करून घ्यायलाच हवी, मग तो गवई असो की शाळेतला मास्तर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आवाज रेकॉर्ड करून ठेवला. एकच अभंग, एकच पट्टी. तीन महिन्यांनी तोच परत गायला.

आधीचा ऐका.

(रेकॉर्डिंग)

आणि हा आत्ताचा. बुवांच्या चेहऱ्याकडे बघा.

(रेकॉर्डिंग, शेवटपर्यंत चालू ठेवणे)