घोळ निवडताना चीक बघा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की कुंडीत, वाफ्यात, कुंपणाच्या कडेला घोळ आपोआप उगवते. मूगडाळ घालून केलेली तिची आंबटसर भाजी फार छान लागते, आणि ती जरूर करावी. मात्र घोळीच्याच दाटीत, जमिनीलगत तशीच पसरणारी नायटीही वाढते. काही भागांत तिला दुधी म्हणतात. तिचा चीक त्वचेला, तोंडाला झोंबतो, आणि डोळ्यात गेला तर फार आग होते. घोळ ओळखणारी माणसंही इथे फसतात, कारण विळ्याने मूठभर भाजी एकदम कापली की नायटीच्या दोन-चार काड्या सोबत येतात.

म्हणून कापू नका, एकेक रोप मुळासकट उपटा. घोळीचा देठ गुळगुळीत, रसरशीत आणि लालसर असतो. पानं जाड, टोकाकडे रुंद. नायटीची काडी बारीक, तारेसारखी चिवट, बहुधा लव असलेली. पानं पातळ आणि समोरासमोर. पण समोरासमोर पानं एवढ्यावर जाऊ नका. आपली चिवळ, म्हणजे घोळीची धाकटी बहीण, तिचीही पानं समोरासमोरच असतात आणि पेराशी पांढरे केसही असतात.

खात्रीची खूण एकच: कोवळा शेंडा मोडा आणि हलकेच दाबा. घोळ आणि चिवळ यांतून पाण्यासारखा रस येतो, नायटीतून पांढराशुभ्र चीक. ही परीक्षा ताज्या रोपावरच करा. सुकलेल्या काडीतून चीक दिसेलच असं नाही, तेव्हा बाजारातून आणलेली मलूल जुडी असेल तर देठाची जाडी आणि पानांचा मांसलपणा पाहून एकेक काडी निवडा. चीक हाताला लागला तर आधी साबणाने हात धुवा. आणि मुतखड्याचा त्रास असेल तर खरी घोळसुद्धा टाळलेली बरी, तिच्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा वाढवणारा क्षार, भरपूर असतं.

आता दुसरी पावसाळी भाजी, टाकळा. त्याच्या शेजारी कासविंदा उगवतो. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्यात चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि पान चुरगळलं की उग्र दर्प. अगदी कोवळ्या रोपात जोड्या कमी असतात, मोजणी फसते; तेव्हा टोकच पाहा. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, फिकट कडांची. या चपट्या शेंगांपासून मुलांना लांब ठेवा. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याची नोंद आहे.

चुकून काही पोटात गेलंच, तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. तोंड धुवा, आणि तेच झाड पानं-शेंगांसकट पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या.