एक कोटी स्लिपांचा सांभाळ

[दृश्य : डेक्कन कॉलेज, पुणे. धातूच्या खणांच्या रांगा.]

डेक्कन कॉलेजातल्या या दालनाला स्क्रिप्टोरियम म्हणतात. खणांत दाटीवाटीनं उभ्या आहेत जवळपास एक कोटी स्लिपा, म्हणजे एकेका शब्दाची नोंद असलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. संस्कृतच्या महाकोशाची ही सगळी पुंजी.

1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कात्रे यांनी हे काम उभं केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द टिपायचे आणि प्रत्येकाचा अर्थ काळानुसार कसा पालटत गेला ते दाखवायचं, असा हा संकल्प. नुसत्या टिपणालाच 25 वर्षं लागली. 1976 मध्ये छपाई सुरू झाली. आजवर किमान 35 खंड निघाले आणि कोश अजून 'अ' या अक्षरावरच आहे! म्हणजे 'क'च्या, 'म'च्या, 'स'च्या स्लिपा अजून आपल्या पाळीची वाट बघतायत.

[दृश्य : एक स्लिप, जवळून.]

वर शब्द. खाली तो ज्या वाक्यात आला ते वाक्य. मग ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि नेमकी जागा. लिहिणारा आज विचारायला नाही. पण विचारावं लागत नाही, सगळं इथंच आहे. मला या कामातलं सर्वांत मोठं शहाणपण हेच वाटतं. मात्र स्लिप चुकीच्या खणात गेली, तर एक कोटींत ती शोधणार कोण? म्हणून क्रम सांभाळणं हेही संशोधनाचंच काम.

स्लिपांचं स्कॅनिंग झालंय, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मदतीनं 'कोशश्री' हे सॉफ्टवेअरही तयार झालंय. पण स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. शब्दाची नोंद जोडली, तरच ते सापडतं.

आता इतर विद्यापीठांकडे बघू. पीएच.डी.चा प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवावा लागतो. त्यामागच्या मुलाखती, मोजमापं, शेतातल्या नोंदवह्या मात्र बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्येच राहतात. तो नोकरीला लागतो, लॅपटॉप बदलतो. पुढं कुणी निष्कर्ष ताडून बघायचा म्हटलं, तर हाती काय लागणार? विभागानं या सगळ्या नोंदी प्रबंधाबरोबरच मागून घ्यायला हव्यात, आणि कोणत्या रकान्यात काय मोजलंय, कोणत्या एककात, हे लिहिलेल्या कागदासकट.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. स्लिपेवरचा पानाचा आकडा एका विशिष्ट आवृत्तीतला असतो. ती आवृत्ती रद्दीत गेली, तर तो आकडा पडताळायचा कशावरून? स्लिपांबरोबर ती पुस्तकंही जपावी लागतात.