रात्री दोनला उठणाऱ्या माणसासाठी
(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची, इकडे ब्रिटनमध्ये मुलीकडे दोन महिन्यांसाठी आलेय, आणि तिनेच कार्यकारिणीला सांगितलं की आईला बोलायचंय. खरंच बोलायचंय. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचे आईवडील तिकडे आहेत, कोणाचे पेडण्याला, कोणाचे डिचोलीला, कोणाचे काणकोणला, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी आहे, वहिनी असेल, बहीण असेल, लग्न न झालेला भाऊ असेल, नाहीतर पगारी बाई असेल. मला त्या माणसाबद्दल सांगायचंय.

माझ्या सासूबाईंना २०१३ साली पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, पुढे हळूहळू विसरायलाही लागल्या, आणि २०१९ मध्ये गेल्या. सहा वर्षं. हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळाला तेव्हा दुपारची वेळ, वॉर्डात गर्दी, हातात गोळ्यांचा कागद दिला आणि 'कूस बदलत राहा' एवढं एक वाक्य सांगितलं. कशी बदलायची, किती वेळाने, उचलताना माझी कंबर कशी सांभाळायची, पेज भरवताना मान कशी ठेवायची, काही नाही. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मला यातलं काय येणार.

मग मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला रेघा मारून तक्ता केला. दहा वाजता डावी, बारा वाजता उजवी, दोनला डावी, चारला उजवी, आणि पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवली. दोनचा गजर सगळ्यात वाईट, कारण झोप नुकती लागलेली असते. तिसऱ्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीत, घर माणसांनी भरलेलं, माटोळी, नैवेद्य, आरत्या, मी एवढी दमलेली की तीन रात्री दोनचा आणि चारचा गजर ऐकूच आला नाही. चौथ्या दिवशी अंग पुसताना माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल चट्टा दिसला, दोन दिवसांत तिथली कातडी सुटली. ती जखम भरायला अडीच महिने लागले. घरातल्या एका बाईने सगळ्यांसमोर म्हटलं, 'लक्ष नसेल तर असंच होणार.' त्या तीन रात्री घरात चौदा माणसं झोपली होती हो, आणि गजर मात्र एकटीच्या उशाशी.

आता सरकारकडे काय काय आहे ते बघा. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, मुलांनी सांभाळलं नाही तर ट्रायब्यूनलकडे जाता येतं, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते. आसामने २०१७ मध्ये तर सरकारी नोकराने आईवडिलांना टाकलं तर पगारातून पैसे कापायचा कायदा केला. चांगलंच आहे, टाकणारे आहेत म्हणून कायदे लागतात. आपल्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून महिना २००० रुपये म्हाताऱ्यांना मिळतात, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं आरोग्यविम्याचं कार्ड आहे, २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कव्हर आलं, १४५६७ ही हेल्पलाइन आहे. यातलं बरंच म्हाताऱ्या माणसासाठी, बाकीचं सांभाळत नाही त्याला धाक घालायला. जो सांभाळतोय त्याचं नाव यातल्या एकाही फॉर्मवर येत नाही.

आणि गोव्याला हे आधी कळायला हवं, कारण २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे ८.६ टक्के होते आणि गोव्यात ११.२, केरळच्या खालोखाल आपणच. त्यात तरुण पोरं बाहेर. माझा दीर दुबईला होता, दर रविवारी फोन, दर महिन्याला पैसे, एक महिना चुकवला नाही त्याने. त्या पैशांतून एअर बेड आला, डायपर आले, दिवसाची बाई ठेवता आली. पण रात्रीची बाई फोंड्याला मिळेना, मिळाली तर चवथीला, शिगम्याला आपल्या गावी जाणार, आणि तिने तरी का जाऊ नये. म्हणजे पैसे होते, हात नव्हते.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे, कारण आपल्या गोव्यातच ते करून बघितलंय आणि आपल्यालाच माहीत नाही. संगाथ म्हणून संस्था आहे, १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचं काम करते. त्यांच्या लोकांनी डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेल्या म्हाताऱ्यांच्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, २००८ साली तो छापून आला. डॉक्टर नाही, नर्स नाही, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या शिकलेल्या माणसांना ट्रेनिंग दिलं, आणि ती माणसं सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, घरी जायची. आजार काय आहे ते समजावायची, चिडचिड झाली तर काय करायचं, सरकारी योजनेचा फॉर्म कुठे मिळतो, आणि गरज पडली तर मागे मानसोपचारतज्ज्ञ होतेच. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मनाची तब्येत सुधारलेली दिसली, रोग्याच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. ओझं मोजायची जी प्रश्नावली असते तिच्यात फरक तेवढा ठामपणे सिद्ध झाला नाही हेही सांगते, कारण ओझं तिथेच असतं ना, कूस तर बदलावीच लागते. पण महिन्यातून दोनदा कोणी 'तुमचं कसं चाललंय' विचारायला येतं यानेच माणूस तगतो.

त्याच्याही आधी, २००१ मध्ये गोव्यातलाच एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की लोकांना हे विसरणं आजार वाटतच नाही, वय झालं की होतंच असं वाटतं, नाहीतर मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली म्हणून असं झालं. ते मी नंतर कधीतरी ऐकलं आणि मला चवथीतलं ते वाक्य आठवलं.

तुम्ही आता ज्या देशात राहता तिथे २०१४ च्या केअर ॲक्टने इंग्लंडमध्ये काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, सांगितलंय की सांभाळणाऱ्याची स्वतःची गरज काय आहे ती वेगळी तपासायची, म्हाताऱ्याची वेगळी. एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा रजा मिळते, बिनपगारी का होईना, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. केअरर्स अलाउन्स, म्हणजे सांभाळणाऱ्याला भत्ता, आहे, पण त्यात आठवड्याला ३५ तास सांभाळावं लागतं आणि बाहेरची कमाई मर्यादेच्या जराशी वर गेली की सगळंच बंद होतं, ही चूक आपण उचलायची नाही. जपानमध्ये घरातल्या माणसाच्या देखभालीसाठी ९३ दिवस रजा मिळते, तीन तुकड्यांत घेता येते, आणि ६७ टक्के पगार विम्यातून मिळतो. तीन तुकडे म्हटल्यावर मला बरं वाटलं, कोणीतरी घरात बसून हे केलेलं दिसतंय, कारण आजारपण सरळ एका ओळीत येत नाही, झटका येतो, मग शांत, मग परत न्यूमोनिया. जर्मनीत १९९५ पासून देखभालीचा विमाच आहे आणि घरी सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्ये त्यातून भर पडते. मी आधी बिनपगारी रजा घेतली आणि मग स्वेच्छानिवृत्ती, त्यामुळे माझी पेन्शन किती घटली ते मी दर महिन्याला बँकेच्या पासबुकात बघते.

अमेरिकेत तर बऱ्याच राज्यांत कायदाच आहे की हॉस्पिटलने सांभाळणाऱ्याचं नाव केसपेपरवर लिहायचं आणि डिस्चार्जच्या आधी त्याला काम शिकवायचं. याला खर्च किती, सांगा. एक नर्स, अर्धा तास, एक खाट. गोव्यातल्या प्रत्येक हॉस्पिटलात हे उद्यापासून करता येईल.

संगाथसारखं घरी येणाऱ्या माणसाचं म्हणाल तर पंचायतीगणिक दोन माणसं, ट्रेनिंग दिलेली, पगारी, फुकट राबवलेली नाहीत. त्यांच्याकडे यादी हवी, आणि महिन्यातून निदान दोन रात्री त्यांनी घर सांभाळायचं म्हणजे घरची बाई झोपेल. केरळमध्ये आश्वासकिरणम् म्हणून योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम थोडी आहे, पण ती सांभाळणाऱ्यासाठी म्हणून आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. गोव्यात गृहिणींना गृह आधारमधून १५०० रुपये मिळतात, म्हणजे बाईच्या खात्यावर पैसे टाकायची सवय आपल्या सरकारला आहेच, तर अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी वेगळं काही करणं जमेल की.

मंडळाकडून मला दोन गोष्टी हव्यात. तुम्ही लोक गोव्याला येता ते चवथीला आणि डिसेंबरात, जेव्हा घरात आधीच गर्दी असते आणि काम दुप्पट असतं. एखादं वर्ष जुलैत या. पाऊस असेल, कंटाळा येईल, पण तीन आठवडे रात्रीचे गजर तुम्ही घ्या आणि वहिनीला तिच्या माहेरी पाठवा. माझा दीर एकदा असाच आला होता, आठ दिवस, मी सावर्ड्याला आईकडे गेले आणि पहिले दोन दिवस नुसती झोपले, आईने जेवायला उठवलं तेवढंच. तो परत जाताना म्हणाला, 'वहिनी, मला माहीतच नव्हतं.' त्यानंतर रविवारच्या फोनवर तो आधी मला विचारायचा, झोपलीस का म्हणून.

आणि दुसरी, मंडळाने दरवर्षी गावच्या शाळेला, देवळाला मदत केलीय, त्यातली एक वर्षाची रक्कम एखाद्या पंचायतीत अशा दोन माणसांच्या ट्रेनिंगला आणि पगाराला द्या. एका गावात चाललं की मग आमदाराकडे जाऊन दाखवता येतं, नुसत्या निवेदनाने काही होत नाही.

आता चहा आहे. चहानंतर मी त्या खिडकीजवळच्या सतरंजीवर बसणार आहे, मुलीने दोन उशा आणि एक चादर आणलीय. एका माणसाने दुसऱ्याची कूस कशी बदलायची, गुडघा आधी कसा वाकवायचा, एक हात खांद्याला आणि एक कमरेला लावून आपल्याकडे कसं वळवायचं, उशी कुठे ठेवायची, ते दाखवते. कोणीतरी आडवं व्हायला लागेल. फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच घरी पाठवा, तिकडे आता संध्याकाळ झालीय, दहाची कूस अजून व्हायचीय.