बंद पडलेल्या क्लबच्या कॅसेटी

नमस्कार मंडळी.

गाण्याबजावण्याचा क्लब बंद पडला की जागा जाते, पाटी जाते, वाद्यं विकली जातात. त्या रात्रींच्या कॅसेटी मात्र कुणाच्या तरी कपाटात पडून असतात. त्या डिजिटल करताना काय बिघडतं आणि काय जपायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

कॅसेट सापडली की लगेच वाजवू नका. मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिक टॅब आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबून जुनं पुसलं जाण्याची भीती राहत नाही. मग टेप जिथे उघडी दिसते तिथे मधोमध पाहा. धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा एक तुकडा असतो. त्याचा गोंद सुकला की तो गळून पडतो, टेप हेडला, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज दबून येतो-जातो. अशा वेळी पाच स्क्रूंची चांगली रिकामी कॅसेट उघडून दोन्ही रिळं तिच्यात बसवायची. डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्राचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मग ६० किंवा ९० मिनिटांची कॅसेट दोन-तीनदा पूर्ण पुढे-मागे फिरवायची. चिकटलेले थर सुटतात आणि शेजारच्या थरावर उमटलेला पुसट प्रतिध्वनीही कमी होतो. १२० मिनिटांची टेप फार पातळ असते, ती गुंतते. तिला एकदाच, जपून.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हेडच्या कोनामुळे. ज्या डेकवर रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळत नाही, मग झांजा आणि शब्दांतले 'स', 'श' बोथट होतात. लोक म्हणतात, टेपच जुनी झाली. तसं नसतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू, डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकत, केसभर फिरवा. आवाज सर्वांत उजळ होईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला, अगदी प्रत्येक बाजूला हे नव्याने करावं लागतं. डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी डेकमधली सोय, लावायचं की नाही, ते यानंतर ठरवा. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर आवाज आणखी मंद होतो.

वेगाचंही पाहायला हवं. क्लबमधल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक गुणगुण बहुधा असतेच, आणि इथे तीच कामी येते. ती देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झची. ५० ची गुणगुण संगणकावर ५१.५ ला दिसली, तर टेप ३ टक्के जलद चालली आहे. ६ टक्क्यांना काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीत, जातं! तुमच्या डेकची स्वतःची गुणगुण नेमकी ५० वरच दिसेल, तिच्याशी गल्लत करू नका.

वेव्ह फाइल करा, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला सुमारे २ जीबी लागतात. सर्वांत मोठा आवाज शून्याच्या, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या कमाल पातळीच्या, १० डेसिबल खाली ठेवा, कारण टाळ्या अचानक उसळतात. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नका, ते प्रतीवर.

आणि आमचं कळकळीचं सांगणं: दोन गाण्यांमधला भाग कापू नका. तार जुळवणं, फर्माइशी, कुणाला तरी मारलेली हाक, माइकची शिट्टी, हाच तो क्लब. गाणी इतर मैफलींतही सापडतील.

मिक्सरवरून, म्हणजे सगळे माइक जिथे एकत्र होतात त्या यंत्रावरून, थेट घेतलेली टेप ऐकून 'ड्रम का ऐकू येत नाहीत?' असं विचारतात. छोट्या खोलीत ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर आपणहूनच पुरेसे मोठे वाजतात, मिक्सरमधून मुख्यतः गायकाचा आवाज जातो. म्हणून त्या टेपवर गळा पुढे आणि बाकी सगळं दूर. त्याच रात्री श्रोत्यांतून कुणी रेकॉर्ड केलेली टेप मिळाली तर खोलीचा खरा आवाज तीत असतो. दोन्ही जोडताना दर काही मिनिटांनी त्या एकमेकींपासून सरकतात, एकदा जुळवून भागत नाही.

सार्वजनिक करण्याआधी वादक-गायकांची परवानगी घ्या. मग जुन्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलवा आणि गाण्यांऐवजी मधलं बोलणं ऐकवा. आवाज ओळखून नावं सांगतील तशी लिहून घ्या. शेजारी फाइलचं मिनिट आणि सेकंद नोंदवा, डेकच्या काउंटरचा आकडा नको. तो प्रत्येक डेकवर वेगळा येतो.